दोन पटांवरचे विद्यार्थी



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलावेत, अशी समितीची इच्छा आहे. गतकाळाचा इतिहास सांगणारे अधिकारी वक्ते येथे पुष्कळ आहेत. म्हणून आम्ही येत्या जूनचा विषय घेतो.

अमेरिकेत हायस्कुलात असतानाच कॉलेजचे काही विषय शिकण्याची सोय आहे. मिनेसोटा संस्थानाने १९८५ साली तसा कायदा केला. असा विद्यार्थी युनिव्हर्सिटीत पाऊल ठेवतो तेव्हा त्याच्या खाती काही श्रेयांक जमा असतात. कागदावर तो पुढे गेलेला, वयाने मात्र अठराचाच. आणि पुढे गेलेल्याचा हात कोणी धरीत नाही.

आपल्याकडील दोन पटांची तऱ्हा निराळी. मुलाचे नाव ज्युनियर कॉलेजच्या पटावर, आणि दिवस जातो खासगी क्लासच्या बाकावर. जेईई, नीट, सीईटी यांखेरीज त्यास दुसरे जग नाही. कॉलेजात तो प्रात्यक्षिकापुरता जातो. ही सोय कितपत न्यायाची, हा प्रश्न आज बाजूस ठेवू. ठेवला म्हणून तो सुटला असे नव्हे. (क्लासची चाचणी बहुधा रविवारी सकाळीच का असावी, हेही आम्हांस एक कोडेच आहे.) दोन वर्षे त्यास तयार टिपणे मिळतात, व चार उत्तरांतून एक निवडावयाचे असते. पुढे पदवीच्या वर्गात टिपणे आपणच काढावयाची, उत्तर आपल्या शब्दांत लिहावयाचे, ७५ टक्के हजेरी भरावयाची. त्यात २०२० च्या शैक्षणिक धोरणाने मुख्य विषय, गौण विषय व श्रेयांक यांची नवी मांडणी आणली आहे. एका वर्षानंतर बाहेर पडल्यास प्रमाणपत्र मिळते. परंतु ती पदवी नव्हे, हे आईबापांनी नीट समजून घ्यावे.

दिवाळीपूर्वीच कॉलेज सोडलेली मुले आम्हांस भेटली आहेत. सकाळी डबा घेऊन निघत, गाडीत बसत, आणि कोठेतरी दिवस काढून संध्याकाळी परत येत. बारावीच्या निकालानंतर त्यांचा सत्कार याच सभागृहात झाला होता. बुद्धी कमी पडली नव्हती. विचारावे कोणास, हे ठाऊक नव्हते. घरात कॉलेज पाहिलेले कोणी नसेल तर बाप गुण विचारतो. आज तास कोणते झाले, प्रयोगवही लिहिली काय, हे विचारीत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. हारतुऱ्यांचा खर्च थोडा आवरावा, आणि पहिल्या सत्रापुरता प्रत्येक नव्या विद्यार्थ्यास एक वडीलधारा सोबती द्यावा. शक्यतो त्याच कॉलेजचा, त्याच गाडीने जाणारा. आठवड्यातून एकदा त्याने मुलाची वही पाहावी, ग्रंथालयाचे कार्ड काढून द्यावे, आणि मूल तीन दिवस दिसले नाही तर घरी जावे. मुलींसाठी भगिनींनी पुढे यावे.

पदवी घेतलेल्यांनी व घेत असलेल्यांनी येत्या रविवारी मिस्सेनंतर सचिवांकडे नावे द्यावीत. कॉलेज, विषय आणि सकाळची गाडी, एवढे लिहिले तरी पुरे.