साने गुरुजी : छात्रालय, कारागृह आणि मंदिर

नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतींजवळून नित्य असंख्य माणसे ये-जा करीत असतात. मराठी घराघरांत पोचलेले एक पुस्तक याच भिंतींच्या आड लिहिले गेले, याचे स्मरण त्यांपैकी फार थोड्यांना होत असेल. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी, गुरुवारी, तेथील एका राजबंद्याने लेखनास आरंभ केला आणि १३ तारखेस, सोमवारी पहाटे, ते पुरे केले. पुस्तकाचे नाव ‘श्यामची आई’. राजबंद्याचे नाव पांडुरंग सदाशिव साने. महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणतो.

या ‘गुरुजी’ पदवीचा थोडा विचार करण्यासारखा आहे. साने यांनी शाळेत नोकरी केली ती अवघी सहा वर्षे. कित्येक शिक्षक तीस-पस्तीस वर्षे खडू झिजवितात आणि निवृत्तीनंतर दोन गल्ल्यांपलीकडे त्यांना कोणी ओळखत नाही. मग सहा वर्षांच्या शिक्षकाला सबंध प्रांताने गुरुजी का म्हणावे? लेखक म्हणून, देशभक्त म्हणून त्यांची कीर्ती झाली, हे उत्तर पुरेसे नाही. लेखक पुष्कळ झाले, देशभक्तही पुष्कळ झाले. ते गुरुजी झाले नाहीत.

त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. घराणे खोतांचे, पण वैभव ओसरलेले. दापोली, औंध, पुणे अशी शिक्षणासाठी वणवण झाली. १९१७ साली आई यशोदाबाई वारल्या, तेव्हा हा मुलगा परगावी शिकत होता. तिची शेवटची भेट त्याला लाभली नाही. पुढे एम. ए. होऊन ते खानदेशात अमळनेरास आले. तेथील तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ अध्ययन केले आणि १९२४ साली गावच्या हायस्कुलात शिक्षक झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली.

शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि त्यांचे खरे अध्यापन सुरू झाले. त्या काळचा छात्रालयप्रमुख म्हणजे हातात छडी, तोंडी नियम आणि वहीत दंडाची नोंद. साने यांनी निराळाच मार्ग धरला. अस्ताव्यस्त अंथरुणांच्या घड्या ते घालीत, कंदिलांच्या काचा पुशीत, मुलांचे मळलेले कपडे धुऊन वाळत टाकीत. आजारी मुलाच्या उशाशी ते रात्र काढीत. पगारातील बरीचशी रक्कम गरीब विद्यार्थ्यांच्या फीकडे जाई. मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ नावाचे दैनिक लिहून काढीत. १९२८ साली ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही त्यांनी सुरू केले.

सुज्ञ पालकाच्या मनात येथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. शिक्षकानेच अंथरूण गुंडाळले तर मुलगा गुंडाळावयास कधी शिकणार? अशाने मुले लाडावणार नाहीत काय? सेवा करणारा जर सेवेचा गाजावाजा करील, किंवा मुलाला पुढे तिची आठवण देत राहील, तर मुले लाडावतील तरी किंवा ओशाळतील तरी. साने यांनी तसे केले नाही. आपली गादी गुरुजींनी नीट केलेली पाहून ज्या मुलाला लाज वाटली, तो दुसऱ्या दिवशी आपण होऊन लवकर उठला. छडीने जे काम छडी समोर असेपर्यंतच होते, ते काम या लाजेने छडीवाचून होऊ लागले. त्या मुलांचे आणि त्या दिवसांचे प्रतिबिंब त्यांच्या ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीत पडले आहे.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा साने यांनी नोकरी सोडली व चळवळीत उडी घेतली. देशासाठी झिजा असे वर्गात सांगावे आणि प्रसंग आला म्हणजे पगाराला चिकटून राहावे, हे त्यांना साधण्यासारखे नव्हते. त्यानंतर कारागृह हीच त्यांची शाळा झाली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडील बंदिजनांच्या सहवासात ते तमिळ शिकले. ‘कुरल’ हा प्राचीन तमिळ ग्रंथ पुढे त्यांनी मराठीत आणला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर प्रवचने देत. ती अठरा प्रवचने साने यांनी ऐकता ऐकता उतरून घेतली आणि त्यामुळेच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज आपणांस उपलब्ध आहे. दुसऱ्याला शिकविणारा हा पुरुष तेथे पाटी घेऊन शिष्याच्या जागी बसला. ज्याला असे बसता येते त्यालाच गुरुपद शोभते.

धुळ्याहून त्यांना नाशिकला आणण्यात आले, आणि येथे ‘श्यामची आई’ अवतरली. हे पुस्तक रडविणारे पुस्तक म्हणून प्रसिद्ध आहे. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर काढलेल्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपति-सुवर्णपदक मिळाले, तेव्हा ही कीर्ती अधिकच पसरली. परंतु डोळे पुसून पुस्तक पुन्हा उघडावे, म्हणजे ही आई किती कठोर आहे ते ध्यानी येते. पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला ती शोधून काढते, मारते आणि विहिरीवर धाडते. मूल बुडेल या भयापेक्षा ते भित्रे राहील याचे भय तिला अधिक आहे. आजच्या क्रीडाशिक्षकालाही यापेक्षा वेगळे काय सांगावयाचे असते?

याच पुस्तकात आणखी एक प्रसंग आहे. अस्पृश्य मानलेल्या समाजातील एका म्हातारीची लाकडांची मोळी खाली पडली आहे. ती तिच्याने उचलवत नाही. श्यामची आई त्याला मोळी उचलून देण्यास सांगते, आणि मग घरी येऊन स्नान करावयास सांगते. त्या काळच्या कोकणातील एका ब्राह्मण स्त्रीच्या दृष्टीने हे धाडसच होते. परंतु ते धाडस स्नानापाशी थांबले. उरलेले काम तिच्या मुलाला करावयाचे होते.

नाशिककरांना या प्रसंगाचे मर्म सांगावयास नको. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पंचवटीच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी यांनी पाच वर्षे तो लढा जागता ठेवला. नाशिकरोडला ‘श्यामची आई’ लिहिली जात होती, त्या दिवसांत पंचवटीतील ते दरवाजे अस्पृश्यांना बंदच होते.

पुढे साने गुरुजींचे क्षेत्र विस्तारत गेले. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. त्यासाठी त्यांनी खानदेशातील गावे पायांखाली घातली. १९३८ साली अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढले, कामगार आणि शेतकरी यांची गाऱ्हाणी वेशीवर टांगली. राष्ट्र सेवा दलाच्या मुलामुलींना ते वडीलधाऱ्यासारखे होते. १९४७ च्या आरंभी महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले करावे म्हणून लोकमत जागे केले. मंदिराचे दार उघडेना, तेव्हा १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरास उपोषण आरंभिले. दहा दिवसांनी बडवे मंडळींनी मान्यता दिली आणि उपोषण सुटले. आईने सांगितलेल्या स्नानाची गरज मुलाने त्या दिवशी कायमची मिटविली.

छात्रालयातील अंथरूण आणि पंढरपूरचे उपोषण या दोन निराळ्या गोष्टी वाटतात, पण रीत एकच आहे. दुसऱ्याने जे करावे असे आपणांस वाटते त्याचा भार आधी आपण उचलावयाचा, आणि त्याच्या मनात लाज जागी होईपर्यंत थांबावयाचे. त्यांचे अध्यापनही हेच आणि राजकारणही हेच.

या रीतीला मोल पडते, आणि ते त्यांनी पुरेपूर भरले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. प्रांताप्रांतांतील मुलांनी परस्परांच्या भाषा शिकाव्यात म्हणून ‘आंतरभारती’चे स्वप्न मांडले. परंतु प्रत्येकाचे दुःख स्वतःच्या अंगावर घेणारे मन कोठवर टिकणार? ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी आपल्या हाताने आपले जीवन संपविले. ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही, आणि तिचे उदात्तीकरण करण्याचेही नाही. जो सर्वांच्या उशाशी बसला, त्याच्या उशाशी बसण्याचे भान समाजाला वेळेवर राहिले नाही, एवढाच बोध त्यातून घ्यावा.

आजही गावोगावी असे एखादे मास्तर असतात. शाळा सुटल्यावर ते मैदानावर मुलांना पळावयास शिकवितात, गावच्या पाण्यासाठी कचेरीत खेटे घालतात, कोणाची फी गुपचूप भरतात. ते वारल्यावर आपण शोकसभा भरवितो आणि छान बोलतो. त्याऐवजी ते हयात असतानाच एकदा त्यांच्या घरी जावे, प्रकृती विचारावी आणि त्यांच्या कामातील एखादे काम आपल्या अंगावर घ्यावे. साने गुरुजींचे स्मरण करावयाचे तर नाशिककरांनी तरी ते या मार्गाने करावे.