मूल शाळेत रुळावे कसे?

मृग लागून आठ दिवस होतात न होतात तोच जूनची १५ तारीख येते आणि विदर्भाखेरीज महाराष्ट्रातील बहुतेक शाळांची दारे पुन्हा उघडतात. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर हे तालुक्याचे गाव त्या सकाळी पाहण्यासारखे असते. नांदेडहून हिंगोलीस जाणाऱ्या रस्त्याच्या दोहों बाजूंस केळीच्या बागा पसरलेल्या. पहिला पाऊस पडून गेलेला. जमिनीस वापसा आलेला. वापसा आला म्हणजे शेतकरी घरात थांबत नाही, आणि शेतमजुराने थांबतो म्हटले तरी त्याचे पोट त्यास थांबू देत नाही. सोयाबीन आणि कापूस वेळेवर जमिनीत पडला तर वर्ष साधते, नाहीतर नाही. नेमक्या याच आठवड्यात घरातील सहा वर्षांच्या लेकराने आयुष्यात प्रथम शाळेचा उंबरठा ओलांडावयाचा असतो. ज्या दिवशी आईचा हात हातात असावयास हवा, त्याच दिवशी आईचे दोन्ही हात पेरणीत गुंतलेले असतात.

तेव्हा मुलास शाळेत पोहोचविण्याचे काम आजीकडे, नाहीतर तिसरी-चौथीतील थोरल्या बहिणीकडे येते. बहीण स्वतःच्या वर्गाच्या ओढीने धाकट्यास फरफटत नेते आणि पहिलीच्या दारात सोडून पळते. आत पाच-पन्नास अनोळखी डोळे, एक मोठे माणूस आणि भिंतीवर टांगलेले तक्ते. मूल रडू लागते. त्या रडण्यास मोठी माणसे हट्ट म्हणतात. पण ते बहुधा हट्टाचे नसते, भयाचे असते. आणि हे भय शाळेने उत्पन्न केलेले असते असेही नाही. पुष्कळदा ते घरानेच शाळेच्या आधी वर्षभर पेरून ठेवलेले असते. मूल जेवत नाही, उन्हात हुंदडते, धाकट्या भावंडास चिमटे काढते, की घरातून आवाज येतो, ‘‘थांब, साळंत घालते तुला. तिथं गुरुजी लई मारतेत!’’ ज्या घराची अशी वाणी, त्या घरातील मूल पहिल्या दिवशी गुरुजींकडे पाहून हसेल अशी अपेक्षा तरी कोणी कशी करावी? चोराच्या, बुवाच्या आणि पोलिसाच्या पंक्तीस शिक्षकास बसविण्याची ही चाल खेड्यात आहे तशी शहरातही आहे.

तरी या बाबतीत जुने लोक अगदीच अजाण होते असे म्हणता येणार नाही. मूल शिकावयास बसणे हा घरातील एक सोहळा असे. दसऱ्याच्या दिवशी पाटीवर एक या आकड्यांची सरस्वती काढून तिची पूजा होई, मुलाचा हात धरून ‘श्री’ गिरविला जाई आणि गूळखोबरे वाटले जाई. मुसलमान कुटुंबांत मूल चार वर्षे, चार महिने व चार दिवसांचे झाले म्हणजे बिस्मिल्लाचा विधी करीत. नवे कपडे, फुलांचा हार, मिठाई आणि वडीलधाऱ्या माणसाच्या मुखातून पहिले अक्षर. विद्येचा पहिला घास गोड असावा ही समजूत दोन्ही घरांत एकच होती. दुर्दैवाने ती त्या एका दिवसापुरतीच टिके. दुसऱ्या दिवसापासून पंतोजींचे राज्य सुरू होई. धुळाक्षरे चुकली तर छडी, पावकी-निमकी अडली तर छडी. न येणाऱ्या मुलास आणण्यासाठी चार थोराड मुले त्याच्या घरी धाडण्यात येत आणि ती त्याचे हातपाय धरून त्यास उचलून आणीत. ‘उचलबांगडी’ हा शब्द आज बदली झालेल्या अधिकाऱ्यांसाठी वापरला जातो, पण त्याच्या पोटात अशा उचलून नेलेल्या मुलांच्या किंकाळ्या आहेत.

मुलास शाळेत आणण्याऐवजी शाळेनेच मुलाकडे जावे, हा विचार या पार्श्वभूमीवर उलटाच वाटला असेल. भावनगर येथे वकिली सोडून आलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले. इटलीत मादाम माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहराच्या गरीब वस्तीत बालकगृह उघडून जे दाखविले होते, त्याचा अभ्यास करून त्यांनी ते आपल्या मातीत रुजविले. मारणे नाही, धमकावणे नाही, भीतीचा वाराही नाही. लोक त्यांस कौतुकाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणत. त्यांच्या कार्यात सामील झालेल्या ताराबाई मोडक यांनी त्यांच्याबरोबर १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि हा विचार मराठी घरांपर्यंत आणला. परंतु बालमंदिर सुखवस्तू लोकांच्या मुलांचे, त्याची साधने महाग, हा आक्षेप खराच होता. तो ताराबाईंना स्वतःलाच बोचत होता, हे त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसते.

१९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी या खेड्यात ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आज ते पालघर जिल्ह्यात आहे. तेथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली त्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतील मुले काही तिकडे फिरकेनात. दुसऱ्या कोणी ‘यांना शिक्षणाची गोडीच नाही’ म्हणून कपाळाला आठ्या घातल्या असत्या. या बायांनी बालवाडीच उचलून वस्तीतील एका अंगणात नेली. मुले धुळीत खेळत होती, तेथेच त्यांची तोंडे धुवायची, नखे कापायची, गाणे म्हणायचे, खडे-शिंपल्यांनी मोजायचे. आया आपापल्या दारातून काम करता करता पाहत होत्या. ज्या मुलाचे घर दहा पावलांवर आहे आणि ज्याची आई डोळ्यांसमोर चूल फुंकते आहे, ते कशाला रडेल? ‘अंगणवाडी’ हा शब्द या प्रयोगातून रूढ झाला. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखावयास रानात जात, म्हणून शिक्षकही त्यांच्यामागे रानात गेले, ती कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या पहिल्या प्रकल्पांत महाराष्ट्रातील मेळघाटातील धारणी व मुंबईची धारावी ही ठिकाणे होती. तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले आणि आज ते देशभर ऐकू येते. नावाबरोबर अंगणही सर्वत्र पोहोचले असते तर किती बरे झाले असते!

आता व्यवहाराकडे वळू. अर्धापुरातील एखादे मूल अंगणवाडीत दोन-तीन वर्षे जाऊन आलेले असेल, तर त्याची निम्मी लढाई झालेली असते. तशा मुलासही नव्या इमारतीची ओळख आधी करून द्यावी लागते. उन्हाळ्याच्या सुटीत, शाळा ओस असताना, आजीने किंवा वडिलांनी संध्याकाळी त्यास तेथवर फिरवून आणावे. हा नळ, हे लिंबाचे झाड, ही पहिलीची खोली, हे मुतारीचे ठिकाण. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तीच दाखवावयाची राहून जाते. राज्यात २०२२ सालापासून ‘पहिले पाऊल’ नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे भरविण्यात आले. त्यांत मुलाबरोबर आईही शाळेत येते, खेळते, मुलाबरोबर काय करावे हे समजून घेते. प्रवेशोत्सवातील फुगे आणि गुलाबपुष्पे यांच्यापेक्षा या मेळाव्यांची किंमत अधिक आहे, कारण फुगा संध्याकाळपर्यंत फुटतो.

पहिल्या दिवशी निरोप कसा घ्यावा, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. मूल तक्ता पाहण्यात गुंतले की हळूच निसटावयाचे, ही युक्ती घरोघर चालते. मूल वळून पाहते तो आजी नाही. त्या क्षणी ते शाळेस भीत नाही; आजीवरचा त्याचा विश्वास उडतो, आणि दुसऱ्या दिवसापासून ते तिचा पदर मुठीत घट्ट धरून बसते. त्यापेक्षा दोन अश्रू पत्करावे, पण सांगून जावे. सांगतानाही ‘एक वाजता येते’ म्हणण्यात अर्थ नाही, कारण सहा वर्षांच्या मुलास घड्याळ कळत नाही. ‘‘खिचडी खाल्ली, ताट धुतलं, की मी फाटकापाशी हाय,’’ हे त्यास कळते. आणि मग त्या वेळी फाटकापाशी असलेच पाहिजे. पेरणीची घाई खरी, तरी या आठ दिवसांत कोण येणार हे घरात आधी ठरवून ठेवावे. आजी असो, शेजारीण असो, पण रोज तेच माणूस असावे.

रडणारे मूल सर्वांना दिसते. न रडणारे कोणास दिसत नाही. इंग्लंडमध्ये १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी एक चित्रपट दाखविला. दोन वर्षांची एक मुलगी शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते, एवढीच त्याची कथा. मुलगी फारशी रडत नाही. परिचारिकांच्या दृष्टीने ती शहाणी, रुळलेली. पण तिच्या चेहऱ्यावरील ताण आणि आईकडून हळूहळू वळणारे तोंड पडद्यावर पाहिल्यावर, मुलांस आईपासून तोडणाऱ्या रुग्णालयांच्या नियमांविषयी तेथे मोठा वाद उसळला. शाळा म्हणजे रुग्णालय नव्हे आणि चार तास म्हणजे आठ दिवस नव्हेत, हे उघड आहे. तथापि कोपऱ्यात दप्तर मांडीवर घेऊन पुतळ्यासारख्या बसलेल्या मुलास ‘किती गुणी’ म्हणून हजेरीपटावर खूण करून पुढे जाणाऱ्या शिक्षकाने त्या मुलीचा चेहरा आठवावा. भोकाड पसरणारे मूल बहुधा पंधरा दिवसांत मित्र जोडते. गप्प बसणाऱ्याकडेच अधिक लक्ष द्यावे लागते.

या भागात गप्प बसण्यास आणखी एक कारण आहे, ते भाषा. निजामाच्या राज्यात माध्यमिक शाळेचे माध्यम उर्दू होते, आणि मराठी मुलास घरची भाषा दाराबाहेर ठेवून वरच्या वर्गात शिरावे लागे. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य गेले. आता शाळा मराठी आहे. पण तांड्यावरून येणारे मूल घरी आईस ‘याडी’ म्हणते, मोहल्ल्यातील मूल दखनीत बोलते, तेलंगणाच्या सीमेकडील घरांत तेलुगू चालते. ज्या अडचणीविषयी मागच्या पिढीने गाऱ्हाणे केले, तीच आता मराठी शाळेच्या दारात दुसऱ्याच्या मुलास येते. तीही लहानसहान गोष्टींतून येते. एकीस जावयाचे आहे हे कसे सांगावे, त्यासाठी करंगळी वर करावयाची असते, हे ज्यास ठाऊक नाही ते मूल तसेच बसून राहते, चड्डी ओली होते, वर्ग हसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात दुखू लागते, आणि ते खरोखरच दुखते. घरचे म्हणतात सोंग आहे. कारण विचारावे तर लाजेने ते सांगत नाही. असे एक हसणे एखाद्या मुलीस शाळेपासून कायमचे दूर करू शकते. शिक्षकास त्या त्या बोलीतील दहा-वीस शब्द आले, पाणी, भूक, दुखणे, आई, शू, एवढे आले, तरी पुष्कळ होईल. मुलाने स्वतःचा शब्द गुरुजींच्या तोंडून ऐकला की त्याच्या डोळ्यांत जो प्रकाश दिसतो, तो कोणत्याही तक्त्याने आणता येत नाही.

पहिल्या महिन्यात अक्षरे गिरवून घेण्याची घाई करू नये. पालकांनाच ती घाई असते. ‘काय शिकीवलं आज?’ हा त्यांचा प्रश्न असतो. शहरांत तर अडीच वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देणाऱ्या शाळांपुढे रांगा लागतात, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत मानून पहिलीचे वय सहा ठरविले, तरी रांगा आहेत त्या आहेत. गाणी, गोष्टी, चिंचोके, ओली माती, एवढ्यावर जून-जुलै निघावा. छडीविषयी तर बोलण्याचेही कारण उरू नये. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. छडी बरीच गेली. जीभ मात्र अजून कायद्यास जुमानत नाही. ‘ढ’ हे मुलाचे नाव नसून एक अक्षर आहे, हे काही वर्गांत अद्याप शिकवावयाचे आहे.

मराठवाड्यातील कित्येक मुलांस शाळेचा पहिला दिवस एकदाच येत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा हंगाम लागतो, आईबाप कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात, आणि जूनपासून नुकते रुळलेले मूल पाचटाच्या कोपीत जाऊन पडते. मार्च-एप्रिलात परत यावे तो वर्ग पुढे गेलेला, बाकावरची जागा दुसऱ्याची झालेली. कारखान्यांजवळच्या साखरशाळा आणि गावातील हंगामी वसतिगृहे या उपायांनी थोडी सोय झाली. पण वसतिगृह कितीही चांगले असले तरी सहा वर्षांच्या मुलास सहा महिने आई दिसत नाही. गावातच आजी-आजोबांजवळ राहण्याची व्यवस्था होऊ शकत असेल, तर ग्रामस्थांनी आणि शिक्षकांनी ती दिवाळीपूर्वीच बसून ठरवावी. गाडी निघण्याच्या पहाटे नव्हे. आणि जे मूल गेलेच, ते परत येईल तेव्हा त्याच्यासाठी पुन्हा पहिला दिवस मांडावा. त्याची जागा त्यास द्यावी, शेजारी जुना सोबती बसवावा, आणि ‘इतके दिवस कोठे होतास?’ हे खडसावून न विचारता उसाच्या फडाविषयी त्यासच वर्गास सांगू द्यावे.

मूल रुळले हे ओळखावे कसे? शाळेत काय झाले असे विचारले तर मुले ‘काही नाही’ म्हणतात. त्यावरून काही उमगत नाही. संध्याकाळी ओसरीवर लक्ष ठेवावे. धाकटे भावंड, दोन बाहुल्या आणि दावणीचे करडू यांना ओळीने बसवून लेकरू स्वतः गुरुजी होते आणि हजेरी घेऊ लागते. आजीने भाकऱ्या थापता थापता तिकडे कान द्यावा. नव्या गुरुजींच्या हातात खडू आहे की शेवग्याची काडी, करडू उठून गेले तर ते त्यास ओढून आणतात की त्याच्यापुढे मूठभर पाला धरतात, हे तिला चुलीपाशी बसल्या बसल्या कळेल. आणि काडी दिसली तर दुसऱ्या दिवशी मुलास पोहोचविताना तिने फाटकापाशी न थांबता थोडे आत, वर्गाच्या दारापर्यंत जावे.