बाई पुढे, मुलूख मागे



जपानी ठशांच्या चित्रांतल्या सुंदरींचा विषय निघाला की बोलणाऱ्याचा सूर हळवा होतो. नाजूक मान, उंच अंबाडा, किमोनोची घडी न् घडी. मी आज जरा बाजाराचं बोलणार आहे, कारण ही चित्रं बाजारासाठीच निघत. प्रकाशक पैसा घाली, चित्रकार रेखाटन देई, कोरणारा ते चेरीच्या फळीवर उतरवी आणि छापणारा एकेक रंग तुतीच्या सालीच्या कागदावर चढवी. सुंदरीच्या कपाळावरची केसांची कड पाहा. तिथे चित्रकार मोघम रेघा सोडून देई. केस सुटे करायचे ते कोरणाऱ्याने, आणि तेही कारखान्यातल्या सर्वांत मुरलेल्या हाताने. नाव बहुतेकदा एकट्या चित्रकाराचं होई, हा भाग वेगळा.

1793 च्या सुमारास चित्रकार उतामारोने एदो शहरातल्या तीन नामांकित सुंदरी एकत्र काढल्या. त्यांतली ओकिता आसाकुसा भागातल्या चहाच्या दुकानातली, तर ओहिसाच्या घरी सेनबेईचा, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचा धंदा. चित्र खपलं की दुकानही गाजायचं. सरकारला हे रुचलं नाही. गणिका सोडून इतर बायकांची नावं छापायला बंदी आली. मग उतामारो चित्रांच्या कोपऱ्यात कोडी घालून नावं सुचवू लागला. 1796 मध्ये तीही बंद झाली. पुढे 1842 च्या सुधारणांत नट आणि गणिका यांच्या चित्रांवरच गदा आली, रंगांच्या ठशांनाही मर्यादा पडली.

अशा धाकातून वाट काढत कुनियोशी 1852 मध्ये 'सांकाई मेदेताई झुए' ही सुमारे 70 चित्रांची मालिका काढतो. हा योद्ध्यांच्या चित्रांसाठी गाजलेला गडी, आणि मांजरवेडा. मालिकेतलं एकच चित्र घेऊ. एका बाईने मांजर उचलून छातीशी धरलंय. मांजर मात्र लाडात येण्याच्या मनःस्थितीत दिसत नाही. चित्राचं नाव, 'अगं आई गं, दुखतंय!' मालिकेतल्या बहुतेक शीर्षकांत बाईची अशीच एखादी इच्छा किंवा भावना येते. आणि चित्राच्या वरच्या भागातल्या लहान चौकोनात काय? एत्चू प्रांतातल्या नामेरिकावाचा अजस्र ऑक्टोपस! 1799 च्या 'निहोन सांकाई मेइसान झुए' या सचित्र ग्रंथाने तो आधीच गाजवलेला होता. प्रत्येक चित्रात असाच एकेका प्रांताचा नामांकित माल.

बाई आणि ऑक्टोपस यांचा संबंध काय, यावर डोकं खाजवायला हरकत नाही. मला तो ओढूनताणून जोडण्यात रस नाही. एदोतल्या गिऱ्हाइकाला घरबसल्या दूरचा मुलूख हवा होता, नव्या फॅशनचं कापडही हवं होतं. कुनियोशीने दोन्ही एका कागदावर दिलं. पण त्या लहान चौकोनात जी मेहनत आहे, ती मोठ्या आकृतीच्या दिमाखापुढे झाकली जाते. समुद्रातून, डोंगरातून माल काढणारी माणसं तिथेच भेटतात. उतामारोच्या सुंदरींच्या आजूबाजूला एवढा कष्टाचा मुलूख मला दिसलेला नाही.

म्हणून एक विनंती. या मालिकेतलं चित्र कधी संग्रहालयात किंवा पुस्तकात समोर आलं, तर बाईकडे वळण्याआधी वरचा चौकोन नीट बघा.