शिखराआधी चूल



16 ऑगस्ट 1942 च्या क्रांतीने ज्याचे नाव देशभर पोचवले आणि जिथे माघात श्रीहरी बालाजीची घोडायात्रा भरते, त्या चिमूरमध्ये आज आपण, गावोगावच्या देवस्थानांचे विश्वस्त आणि पुरातत्त्व व ऊर्जा क्षेत्रांतील तज्ज्ञ, जमलो आहोत. जुन्या प्रार्थनास्थळांची ऊर्जा हा विषय निघाला की आधी युरोपातली चर्च डोळ्यांपुढे येतात. चर्च ऑफ इंग्लंडने 2020 मध्ये ठरवले की 2030 पर्यंत आपले निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचे. तिथे बहुतेक इंधन जाते ते दगडी इमारत उबदार ठेवण्यात. बाथ ॲबेने त्यासाठी शेजारच्या रोमन स्नानगृहातल्या गरम झऱ्याची उष्णता फरशीखाली खेळवली. काम मोलाचे आहे, पण आपल्या उन्हात गाभारा तापवण्याचा प्रश्नच येत नाही. आपले इंधन जळते महाप्रसादाच्या चुलीखाली, आणि बदलाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

यात्रेत भाताच्या हंड्यांखाली जे सरपण जळते, त्याच्या मागणीचा भार शेवटी भोवतालच्या जंगलावरच पडतो. ते जंगल ताडोबा व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. सरपणाला, मोहफुलांना, तेंदूपानांना गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात दगावल्याच्या बातम्या या जिल्ह्यांत वरचेवर येतात. शिवाय चूल देवळाला खेटून असली, तर तिची काजळी त्याच जुन्या दगडालाकडावर बसते जे आपण जपू पाहतो. म्हणून चूल बदलणे हे वारसा जतनाचेही काम आहे. शिर्डीत 2009 पासून प्रसादालयासाठी 73 सौर तबकड्यांवर वाफ तयार होते. ती वाफ नेहमीच्या बॉयलरच्या जोडीने वापरली जाते, त्यामुळे ढगाळ दिवशी पंगत अडत नाही. मात्र शिर्डीची नक्कल इथे जशीच्या तशी चालणार नाही. तिथे रोज हजारो पाने उठतात, आपल्याकडे गर्दी उसळते ती यात्रेपुरती. काही दिवसांसाठी एवढी यंत्रणा उभारणे म्हणजे भाविकांचा पैसा वाया घालवणे होय. आपल्याला सोयीच्या आहेत त्या इंडक्शन शेगड्या आणि त्यांच्यासाठी भक्तनिवासाच्या गच्चीवरचे सौर पॅनेल. नेट मीटरिंगमुळे त्याची वीज वर्षभर ग्रीडला जाते आणि यात्रेतल्या वापरातून तिची वजावट मिळते. बालाजीची यात्रा माघातली, वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या देवळाची महाशिवरात्रीची. दोन्ही कोरड्या, उन्हाच्या दिवसांत येतात आणि आर्थिक वर्ष संपण्याआधी आटोपतात, म्हणजे जमा युनिट वापरायला वेळ मिळतो.

जुन्या वास्तूंवर पॅनेल नकोत, हा वास्तुप्रेमींचा आक्षेप गंभीर आहे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलवर 2023 मध्ये पॅनेल बसले, तेही वादानंतरच. पण तिथे छत साधे आहे आणि कठड्याआड झाकले जाते. आपल्या शिखरावर तळापासून कळसापर्यंत कोरीव काम असते. मार्कंड्याच्या शिल्पांना एक खिळाही लागता कामा नये. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या 200 मीटरवर नियंत्रण घालणारा कायदा आहे, त्याला वळसा घालण्याचा विचारही कुणी करू नये. पॅनेलची जागा अलीकडच्या इमारतींवर आहे, भले केबल थोडी लांबून आणावी लागो. श्रद्धेचा आक्षेप मला त्याहून सोपा वाटतो. समई आणि होम यांना कुणी हात लावत नाही. प्रश्न आहे तो फक्त स्वयंपाकाचा. ग्रामगीतेत ग्रामशुद्धी आणि ग्रामआरोग्य यांना स्वतंत्र अध्याय देणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या या कर्मभूमीत आचाऱ्याने धुरात डोळे चोळत उभे राहावे, याला धर्माचा आधार शोधू नये.

उरतो तो चंद्रपूरचा प्रश्न: दुर्गापूरचे 2920 मेगावॉटचे औष्णिक केंद्र उशाशी असताना देवळाच्या काही किलोवॉटने काय होणार? यातला अर्धा भाग खरा आहे. नुसत्या ग्रीडच्या विजेवर इंडक्शन शेगड्या लावल्या, तर धूर देवळातून उठून दुर्गापूरच्या चिमणीत जाईल, एवढेच. म्हणूनच शेगडी आणि पॅनेल यांचा विचार एकत्र व्हावा. पण त्या केंद्रातल्या कोळशाची राख आणि उष्मा सोसतो तो हाच जिल्हा. इथल्या देवस्थानांनी वाट पाहावी तरी कुणाची? माझी विश्वस्तांना विनंती आहे: दुपारच्या सत्रात गेल्या यात्रेत किती क्विंटल सरपण, किती सिलिंडर आणि किती युनिट लागले, तो हिशेब तज्ज्ञांपुढे ठेवा. हिशेब ठेवला गेला नसेल, तर येत्या माघापासून वहीत मांडायला घ्या.