रिचार्ज कुणाचा, कॉल कुणाचा?

(मंडईतील भाजी-फळविक्रेत्या स्त्रियांच्या बैठकीत केलेले भाषण)

मैत्रिणींनो,

दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेवढ्या वेळात आपण जमलो आहोत. म्हणून सरळ मुद्द्यावर येते. आज बोलायचं आहे मोबाइलवरच्या व्हिडिओ कॉलबद्दल.

आपण बसलो आहोत ती मंडई १८८६ सालची. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता. पैसा कुणाचा आणि तो खर्च कुणासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. तोच प्रश्न आज मी तुमच्या फोनला विचारते.

२०१६ च्या सप्टेंबरात इंटरनेट एकदम स्वस्त झालं आणि नोव्हेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल आला. सासरी गेलेली लेक, गावाकडची आई गाळ्यावर बसून दिसू लागली. हा आनंद खरा आहे, तो कुणी हलका लेखू नये.

पण हिशेबही पाहा. पॅक महिन्याचा म्हणतात, असतो बहुधा २८ दिवसांचा. म्हणजे वर्षात १२ नव्हे, १३ रिचार्ज. एक ३०० रुपयांचा धरला तर ३,९०० रुपये. व्हिडिओ कॉल बोलण्याच्या मिनिटांवर चालत नाही, नेटवर चालतो. रोजचं नेट संपलं की चित्र अडकतं. तो फोनचा बिघाड नसतो. फक्त बोलण्या-मेसेजचे वेगळे पॅक ठेवा, असा आदेश दूरसंचार प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये दिला. ज्यांना नेट नको त्यांनी दुकानदाराकडे तेच मागावेत. मात्र त्यावर व्हिडिओ कॉल होणार नाही.

आता दुसरी बाजू. 'कॅमेरा फिरव, शेजारी कोण उभं आहे ते दाखव.' हे वाक्य मी समुपदेशनात अनेकींकडून ऐकते. पूर्वी पाळत ठेवायला पोराला पाठवत, आता फोन पुरतो. कॉल उचलला नाही तर संध्याकाळी भांडण, कधी मार. आणि रिचार्ज मात्र तिच्याच कमाईतून! याला प्रेम म्हणायचं की पहारा?

हे 'घरातलं' म्हणून सोडून देऊ नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीइतकाच अपमान, धमक्या आणि आर्थिक कोंडीही छळात मोडते. त्रास देणाऱ्याने फोनवरूनसुद्धा संपर्क साधू नये, असा आदेश न्यायदंडाधिकारी कलम १८ खाली देऊ शकतात. मदतीसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे नंबर पाठ करा.

आणखी एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या स्त्रिया सुमारे ५४ टक्केच. फोन हातात असला तरी सिम नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर असू शकतं. उद्या वेगळं व्हायची वेळ आली तर नंबर त्याचा. बँकेचा, योजनेचा ओटीपीही त्याच्याकडे. म्हणून सिम स्वतःच्या नावावर घ्या. ९० दिवस न वापरलेला नंबर बंद होऊन पुढे दुसऱ्याला जाऊ शकतो, हेही लक्षात ठेवा.

मैत्रिणींनो, एकटीने 'नाही' म्हणणं अवघड असतं. शेजारच्या गाळ्यावरची साथीला असेल तर ते जमतं. कॉल कधी घ्यायचा, कुणाला काय दाखवायचं, हे जिचा फोन तिने ठरवायचं. एवढं आज आपसात ठरवून मग उठू या.