चप्पल पायातून सारखी निसटते?
गांधीबागच्या कापड मार्केटमध्ये जिना चढताना चप्पल सारखी निसटते, पंजा वर उचलत नाही, आणि वय जेमतेम २५? घरचे म्हणतात, कंबरेची नस दबली. असेलही. पण जीएनई मायोपॅथी हे नाव ऐकून ठेवा.

जपानच्या नोनाकांनी १९८१ मध्ये याचं वर्णन केलं, जीन सापडला २००१ मध्ये. तो बिघडला की सायलिक ॲसिड कमी बनतं. स्नायूचा तुकडा मायक्रोस्कोपखाली पाहिला, तर पेशींत कडा रंगलेल्या पोकळ्या दिसतात. मांडीचा पुढचा स्नायू मात्र बरीच वर्षं शाबूत राहतो! म्हणून माणूस चालत राहतो, निदान लांबतं.

आईवडील दोघंही ठणठणीत असतात बरं का. दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली तरच आजार. प्रत्येक भावंडाला शक्यता २५ टक्के. न्यूरॉलॉजिस्टना जीन टेस्टबद्दल विचारा, कंबरेच्या ऑपरेशनआधी.