चाकाचा आवाज
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



डॉक्टर, तहसीलदार, प्राध्यापक बोलून गेल्यावर आयोजकांनी कारध्याच्या मेकॅनिकला उभे केले. मला भाषण येत नाही. चाक येते, म्हणून चाकाबद्दलच बोलतो.

आपली बेअरिंगची गाडी आठवते? तेव्हाच्या सहा नंबरच्या, आताच्या 53 नंबरच्या महामार्गावरच्या ट्रक गॅरेजमधून टाकाऊ बेअरिंग मागून आणायचे, फळीला ठोकायचे आणि वैनगंगेच्या पुलाकडच्या उतारावर सोडायचे. खडखडाट असा, की सरांना घरात बसून कळायचे कोण कोण अभ्यास सोडून आले आहेत. आज माझा नातू स्केटबोर्ड चालवतो. त्याच्या प्रत्येक चाकात दोन, अशी आठ बेअरिंग. नंबर 608: आतले भोक 8 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 22, जाडी 7. पावसात भिजली की गंजतात. सील काढून, रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळवून दोन थेंब तेल दिले की बरेचदा पुन्हा फिरतात. गोळ्यांवर खड्डे पडले असतील तर मात्र बदलायची.

कारचे तसे नाही. जुन्या जीपचे, ॲम्बेसेडरचे पुढचे बेअरिंग खोलून ग्रीस भरता यायचे, नट कमी-जास्त करता यायचा. आताच्या बहुतेक गाड्यांत ते सीलबंद असते. बिघडले की बदलणे, दुसरा इलाज नाही.

आता जे सांगायला उभा राहिलो, ते सांगतो. ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगेचा पूर आपण सगळ्यांनी पाहिला. आपल्याच वर्गातल्या एका मित्राची गाडी अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात होती. मी ब्रेक साफ केले, ऑइल बदलले, गाडी चालू करून दिली. बेअरिंगकडे पाहिले नाही. पाणी सीलमधून आत शिरले की ग्रीस दुधाळ होते, गोळ्यांना गंज चढतो. ते लगेच कळत नाही, महिन्यांनी कळते.

दिवाळीनंतर तो आला. म्हणाला, "चाक घुं-घुं करून राहिलं गा." मी हातातले काम न सोडता म्हणालो, "टायरचा आवाज आहे, चालव बिनधास्त."

थोड्याच दिवसांत तो रात्री आईला नागपूरच्या दवाखान्यात नेत होता. मौद्याच्या अलीकडे चाक तापून धूर निघाला, चाक डुगडुगू लागले. दुसरी गाडी मिळेपर्यंत आई रस्त्याच्या कडेला बसून होती. देवाच्या दयेने ती बरी झाली. चार दिवसांनी मित्राने ते फुटलेले बेअरिंग रुमालात बांधून माझ्या टेबलावर ठेवले. भांडला नाही. चहा पिऊन गेला. ते बेअरिंग अजून माझ्या गल्ल्याजवळ आहे.

दोन मिनिटांची तपासणी होती. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. बेअरिंगचा गाडीच्या वेगाबरोबर वाढतो, न्यूट्रल केले तरी थांबत नाही. डावीकडे वळताना वाढला तर बहुधा उजवे चाक, उजवीकडे वळताना वाढला तर डावे. मग जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवायचे, हाताने फिरवून खरखर पाहायची. नवे बसवताना हातोडा मारायचा नाही, प्रेसवर बसवायचे. हबमध्ये बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच द्यायचा. आतल्या कड्यावर दिला तर तो गोळ्यांवर येतो, आणि नवे बेअरिंग बसवतानाच जुने होते. एबीएसच्या गाडीत चुंबकी बाजू उलटी बसली तर डॅशबोर्डवर दिवा पेटतो.

हे सगळे मला तेव्हाही येत होते. ऐकले मात्र नाही. आता आवाजाची तक्रार आली की हातातला पाना खाली ठेवतो आणि गिऱ्हाइकासोबत गाडीत बसून पुलापर्यंत चक्कर मारतो.

तो मित्र आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. नाव घेत नाही, त्याला आवडणार नाही. गड्या, माफी मागायची राहून गेली होती. आज सगळ्यांसमोर मागतो. आणि गाडी उद्या गॅरेजवर आण, बाकीची तीन चाकेही पाहून देतो.